ॲल्युमिनियम, पण कोणते?

आपल्या बऱ्हाणपूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी जाऊन कोणी ‘चांगले ॲल्युमिनियम द्या’ असे म्हटले, तर दुकानदार एखादी कढई उचलून हातावर तोलून दाखवितो, बोटाच्या पेराने वाजवितो आणि ‘हे हिंडालियम आहे, जन्मभर टिकेल’ असे आश्वासन देतो. वजन, नाद आणि चकाकी या तीन कसोट्यांवर व्यवहार पुरा होतो. गिऱ्हाईकही संतुष्ट असते. सोने पाहावे कसून अशी म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेचे लोक ॲल्युमिनियम मात्र न कसताच घरी आणतात. जुन्या काळी कासाराला ताटात कथील किती आहे हे विचारले असता तो सांगू शकत असे. आज ॲल्युमिनियमच्या भांड्यात काय काय आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक नसते आणि घेणाऱ्यास विचारावेसे वाटत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, ‘चांगले ॲल्युमिनियम’ या नावाची वस्तूच जगात नाही. अमुक कामास योग्य आणि तमुक कामास अयोग्य, एवढेच म्हणता येते. एका कामास जो गुण तोच दुसऱ्या कामास दोष ठरतो, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूंचे होय. म्हणून काम ठरल्यावाचून धातू ठरवू नये, आणि धातू घ्यावयाचा तो नावाने अथवा वजनाने न घेता त्याच्या क्रमांकाने घ्यावा. हा विचार कारखानदारांपुरता आहे असे कोणी समजू नये. आपल्या शाळेतून बाहेर पडणारे कितीतरी विद्यार्थी उद्या आय. टी. आय. मध्ये, पॉलिटेक्निकमध्ये, मागाच्या कारखान्यात किंवा वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात उभे राहणार आहेत.

प्रथम धातूची थोडी ओळख करून घेऊ. शुद्ध ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे असते, परंतु ते फार मऊ. पूर्ण मृदू केलेल्या शुद्ध पत्र्याची चौरस मिलिमीटर जाडीची पट्टी सुमारे 9 किलोग्रॅम भाराने तुटते. त्याच ॲल्युमिनियममध्ये चार ते पाच टक्के मॅग्नेशियम आणि किंचित मँगनीज मिसळले की तशीच पट्टी 29 किलोग्रॅमपर्यंत भार सोसते. मौज अशी की, मॅग्नेशियम हे ॲल्युमिनियमहूनही हलके आहे. म्हणजे बळ तिपटीने वाढते आणि वजन उलट किंचित घटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडविग माख या शास्त्रज्ञाने अशी मिश्रणे करून त्यांस ‘मॅग्नॅलियम’ हे नाव दिले. पुढे 1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्म याला तांबे व थोडे मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून थंड केल्यावर काही दिवस नुसते ठेवले असता आपोआप कठीण होते, असे आढळून आले. त्यातून ड्युरॅल्युमिन निघाले व विमानांचा मार्ग मोकळा झाला.

मिश्रधातूंची संख्या वाढत गेली तसा नावांचा गोंधळ माजला. तेव्हा अमेरिकेत 1954 मध्ये चार अंकांची पद्धत ठरविण्यात आली व पुढे ती जगभर रूढ झाली. पहिला अंक कुळ सांगतो. 1 म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, 2 चे कूळ तांब्याचे, 3 चे मँगनीजचे, 5 चे मॅग्नेशियमचे, 6 चे मॅग्नेशियम व सिलिकॉन या जोडीचे आणि 7 चे जस्ताचे. भारतीय मानकांत पाच अंकी क्रमांकही आहेत. उदाहरणार्थ 5083 या धातूस आपल्याकडे 54300 म्हणतात. हे अंक पाठ करण्याची गरज नाही. गावाच्या नकाशाप्रमाणे ते वाचता आले म्हणजे पुरे.

आता हिंडालियमकडे वळू. हिंदाल्को या कंपनीने भांड्यांसाठी पुरविलेल्या मिश्रधातूचे हे व्यापारी नाव. ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम, मँगनीज, क्रोमियम, सिलिकॉन अशी द्रव्ये ठरावीक प्रमाणात घालून तो केलेला असे. स्टेनलेस स्टीलपेक्षा स्वस्त आणि साध्या ॲल्युमिनियमपेक्षा टणक, म्हणून मध्यमवर्गीय घरांत तो लोकप्रिय झाला. इंडाल कंपनीच्या नावावरून इंडालियम हाही शब्द स्वयंपाकघरात आला. परंतु एकदा नाव लोकांच्या तोंडी बसले की ते मालकाचे राहत नाही. आज जाड, ओतीव आणि करड्या रंगाच्या कोणत्याही कढईस बाजारात हिंडालियम म्हणतात. मग ती जुन्या इंजिनाचे भाग, तुटक्या पंख्यांची पाती आणि खिडक्यांचे तुकडे एकत्र वितळवून ओतलेली का असेना! नाव राहिले, घटकांचे प्रमाण नाहीसे झाले.

याचे परिणाम केवळ भांडे लवकर झिजण्यापुरते असते तर मी लेखणी उचलली नसती. 2022 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झालेल्या एका अभ्यासात काही ॲल्युमिनियमच्या भांड्यांतून व कुकरांतून शिसे अन्नात उतरू शकते असे आढळले. ऑगस्ट 2025 मध्ये त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या काही भांड्यांविषयी इशारा दिला, आणि त्यात हिंडालियम व इंडालियम ही आपल्या घरची नावे स्पष्ट लिहिलेली होती. यावरून मॅग्नेशियमचा मिश्रधातू विषारी आहे असा अर्थ कोणी काढू नये. तो सर्वस्वी चुकीचा होईल. दोष आहे तो भंगारातून शिरलेल्या शिशाचा, आणि ते शिरले किंवा नाही हे सांगणारा क्रमांक भांड्यावर नसण्याचा. लहान मुलांच्या मेंदूस शिशाची अल्प मात्राही अपाय करते, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय सिद्ध केले आहे. केंद्र सरकारने 14 मार्च 2024 रोजी स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम यांच्या भांड्यांवर आय. एस. आय. चिन्ह आवश्यक करणारा आदेश काढला. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आय. एस. 1660 हे मानक आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या धातूचे मानक आय. एस. 21 हे होय. कढई घेताना एवढे दोन आकडे लक्षात ठेवणे कोणास जड जाऊ नये.

स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकले की हाच प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. नव्या घरांच्या खिडक्यांस ज्याला मिस्त्री लोक ‘सेक्शन’ म्हणतात, ते बहुधा 6063 या धातूचे असते. त्यात मॅग्नेशियम एक टक्काही नसते, पण सिलिकॉनशी त्याची जोडी जमल्यामुळे तापवून दाबले की साच्यातून चिकण मातीप्रमाणे हव्या त्या नक्षीची पट्टी निघते आणि नंतरच्या उष्णक्रियेने ती कठीण होते. विजेच्या खांबांवर ज्या मिश्रधातूच्या तारा ताणलेल्या असतात त्याही याच कुळातील. शुद्ध तांब्याची वाहकता शंभर धरली, तर शुद्ध ॲल्युमिनियमची सुमारे एकसष्ट व या मिश्रधातूची सुमारे त्रेपन्न भरते. थोडी वीज वाया घालवून तारेचे बळ विकत घेतले जाते. हा सौदा उघड्या डोळ्यांनी केलेला आहे. शीतपेयाचा डबाही पाहण्यासारखा आहे: त्याचे अंग मँगनीजच्या कुळातील, एक टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम असलेल्या धातूचे; झाकण मात्र 5182 चे, ज्यात मॅग्नेशियम चार ते पाच टक्के. अंग खोल ओढून घडवावयाचे असते, झाकणास सपाट राहून आतला दाब सोसावयाचा असतो. वीतभर डब्यात दोन धातू लागतात, तर एका गावाला एकच ‘चांगले ॲल्युमिनियम’ कसे पुरेल?

मात्र निवडीतील खरा धडा समुद्राने शिकविला आहे. मॅग्नेशियमच्या कुळातील धातू खाऱ्या पाण्यास उत्तम तोंड देतात आणि वेल्डिंग केल्यावरही आपले बळ बरेचसे टिकवून धरतात. म्हणून नौकांसाठी 5083, 5086, 5456 हे क्रमांक सर्वत्र वापरले जातात. अमेरिकेच्या नौदलाने टिकॉन्डेरोगा वर्गाच्या 27 युद्धनौका 1983 ते 1994 या काळात सेवेत घेतल्या. त्यांचा वरचा मजला हलका असावा म्हणून तो 5456 या धातूचा केला होता. त्यात मॅग्नेशियम पाच टक्क्यांच्या घरात. कागदावर निवड निर्दोष होती: हलका, बळकट, खाऱ्या हवेस न बधणारा. परंतु वर्षे लोटली तसे त्या मजल्यांना तडे जाऊ लागले आणि अखेरीस त्यांची संख्या हजारांत गेली.

कारण काय? सामान्य तपमानास ॲल्युमिनियममध्ये दोन टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम खऱ्या अर्थाने विरघळून राहत नाही. जास्तीचे मॅग्नेशियम आत अडकून पडलेले असते, जणू बाहेर पडण्याची संधी शोधत असते. धातू दीर्घकाळ साधारण 65 अंशांच्या वर तापत राहिला की ते हळूहळू सरकत धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर जमते व तेथे ॲल्युमिनियमशी संयोग पावून एक निराळा पदार्थ तयार करते. हा पदार्थ खाऱ्या पाण्यात सहज विरतो. तापीच्या काठावरील शाही किल्ल्याच्या भिंती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. कल्पना करा की त्या भिंतीत विटा पक्क्या भाजलेल्या आहेत, पण दरजांत चुन्याऐवजी गूळ भरला आहे. पहिल्या पावसापर्यंत भिंत ताठ उभी राहील. नंतर विटा तशाच धडधाकट असतील, आणि भिंत मात्र कोसळलेली असेल. त्या युद्धनौकांचे असेच झाले. डेकवर पडणारे ऊन हाच त्यांचा मंद अग्नी होता.

आता आपल्या निमाडच्या वैशाखाचे स्मरण करा. सावलीत पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा उन्हात ठेवलेला काळ्या रंगाचा पत्रा हाताला चटका देतो. त्याचे तपमान 65 अंशांस पोहोचणे अशक्य नाही. म्हणून येथे उन्हात उभ्या राहणाऱ्या वस्तूसाठी मॅग्नेशियम जितके अधिक तितके बरे, हा हिशेब चुकीचा आहे. जाणकारांनी यासाठी एक साधी मर्यादा घालून घेतली आहे. जेथे उष्णता सतत असेल तेथे मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या आत ठेवावे. अडीच टक्क्यांचे 5052 आणि 2.4 ते 3 टक्क्यांचे 5454 हे त्यासाठीच आहेत. ऊन डांबर वाहणारी टाकी ॲल्युमिनियमची करावयाची झाली, तर अधिक बळकट असलेले 5083 बाजूस सारून किंचित दुबळे 5454 घ्यावे लागते. येथे दुबळेपणा हाच शहाणपणा ठरतो.

नुसता क्रमांक पाहून तरी भागते काय? तेही नाही. 2000 च्या सुमारास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर 5083 च्या पत्र्यांपासून बांधलेल्या कित्येक बोटींना अल्पावधीत तडे गेले. क्रमांक बरोबर होता, घटकांचे प्रमाण बरोबर होते. पत्रा लाटताना व तापविताना जी काळजी घ्यावयास हवी होती, ती घेतलेली नव्हती. त्यानंतर 2003 मध्ये नौकांच्या पत्र्यांसाठी स्वतंत्र मानक निघाले व प्रत्येक मालाची क्षरणाची कसोटी घेणे आवश्यक झाले. क्रमांकापुढे जे अक्षर असते, मृदू अवस्थेसाठी ‘ओ’, दाबून कठीण केलेल्यासाठी ‘एच’, उष्णक्रिया केलेल्यासाठी ‘टी’, ते शोभेसाठी नसते. 6061 हा धातू ‘टी 6’ अवस्थेत चांगला बळकट असतो. पण त्यावर वेल्डिंगची ज्योत फिरली की सांध्यालगतचा भाग जवळजवळ निम्म्या बळावर येतो. शिडी किंवा ट्रॉली सांध्यापाशीच मोडते आणि बोल लागतो तो वेल्डरला. बिचाऱ्या वेल्डरने सांधा उत्तम केलेला असतो. निवड करणाऱ्याने हिशेब केलेला नसतो.

सर्वांत बळकट तोच सर्वांत चांगला, हाही एक लोकप्रिय भ्रम. जपानमध्ये 1936 मध्ये जस्त व मॅग्नेशियम यांच्या संयोगाने जो अतिबलवान धातू निघाला, त्याच जातीचा 7075 हा आजही विमानांत वापरतात. चौरस मिलिमीटरला तो 58 किलोग्रॅम भार सोसतो. परंतु सामान्य वेल्डिंगने तो तडकतो, त्यातील तांब्यामुळे तो लवकर गंजतो आणि महागही फार. त्याची शेतातील पंपाची चौकट करणे म्हणजे शर्यतीचा घोडा टांग्यास जुंपणे होय.

योग्य निवडीचे फळ कसे असते, याची उदाहरणे दूरची नाहीत. 2022 मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोसाठी भारतात बांधलेले ॲल्युमिनियमच्या अंगाचे डबे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात भुवनेश्वर येथून ॲल्युमिनियमच्या वाघिणींची देशातील पहिली मालगाडी निघाली. पोलादी गाडीच्या तुलनेत संपूर्ण गाडीचे वजन 180 टनांनी घटले, असे तिच्या उत्पादकांनी सांगितले. तेवढाच कोळसा अधिक वाहता येतो व रिकामी परतताना इंजिनास तेवढा भार कमी. आपल्या स्टेशनावरून खंडवा-भुसावळ मार्गाने रात्रंदिवस धावणाऱ्या मालगाड्या ज्यांनी मोजल्या आहेत, त्यांना या बचतीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

आणि कधी कधी योग्य उत्तर ‘कोणताही क्रमांक नको’ असे असते. आपले गाव कापडाचे. कापडावरील प्रक्रियांत कॉस्टिक सोड्याचे द्रावण लागते, आणि कॉस्टिकपुढे ॲल्युमिनियमचे एकही कूळ टिकत नाही. मॅग्नेशियम असो वा नसो, धातू फसफसून विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. तेथे पोलादच हवे. हलके मिळते म्हणून ॲल्युमिनियमचे पिंप कॉस्टिकसाठी आणणारा मनुष्य पैशांबरोबर जीवही धोक्यात घालतो.

यावर लहान कारखानदार म्हणतील, ‘मास्तर, हे सगळे पुस्तकात ठीक आहे. क्रमांकाचा, दाखल्यासह आलेला धातू महाग पडतो. आमचे पोट भंगारावर चालते.’ हा आक्षेप खोटा नाही, आणि तो झिडकारून टाकणे अन्यायाचे होईल. भंगार वितळविणे हे हलके काम नव्हे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांत भंगारापासून ते मिळते. देशाची ही मोठी बचत आहे. माझी हरकत भंगारास नाही, भेसळीस आहे. खिडकीचे सेक्शन एका ढिगात, तारा दुसऱ्यात, डबे तिसऱ्यात, इंजिनाचे ओतीव भाग चौथ्यात, अशी वर्गवारी केली तर त्याच भंगाराचा भाव वाढतो. सगळे एका मुशीत गेले की उत्तमाचेही मातेरे होते. आणि इंजिनाच्या भागांतून आलेला धातू इंजिनाच्या भागांस परत जाऊ द्यावा. त्याने आपल्या भातात येऊ नये.

सरकारी आदेश, चिन्हे व मानके आहेत. पण ग्राहक विचारीत नाही तोवर ती फायलीतच राहतात. म्हणून माझी सूचना शाळेपुरतीच आहे. आपल्या प्रयोगशाळेत तांब्या-पितळेचे नमुने आहेत, गंधकाचे खडे आहेत. ॲल्युमिनियमचा नमुना म्हणून मात्र एकच तार आहे. तेथे एक फळी लावावी व तीवर खिडकीच्या सेक्शनचा तुकडा, विजेची तार, डब्याचे झाकण, कढईचा कपचा असे नमुने क्रमांकासह बसवावे. नागपूरला 1989 पासून ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठी जवाहरलाल नेहरू यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे पत्र लिहून माहिती मागविण्यास विज्ञान मंडळाला काहीच अडचण नाही.

शिवाय एक प्रयोग दहावीच्या विद्यार्थ्यांस शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालून करता येईल. धातूचा पृष्ठभाग कानशीने स्वच्छ करावा व त्यावर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब काही मिनिटे ठेवून धुऊन टाकावा. तांबे किंवा जस्त भरपूर असलेल्या धातूवर काळा डाग उमटतो. सिलिकॉनने भरलेल्या ओतीव धातूवर तो गडद करडा दिसतो. खिडकीचा किंवा मॅग्नेशियमच्या कुळातील तुकडा मात्र पांढराच राहतो. या थेंबाने मॅग्नेशियम किती टक्के आहे ते कळत नाही, आणि शिसे तर मुळीच कळत नाही; त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतील यंत्रेच हवीत. परंतु ‘हिंडालियम’ म्हणून आणलेल्या कढईच्या तुटक्या कपच्यावर काळा डाग उमटलेला विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तर पुढच्या वेळी आईबरोबर भांड्यांच्या दुकानी गेल्यावर तो कढई वाजवून पाहणार नाही. तिच्या बुडावर काय छापले आहे, ते पाहील.